दावं सोडण्याचा दिवस

आधी वाशीममधून थोडं सामान बाहेर काढू. रेल्वे स्टेशन काढा, रुळांसकट. शिवारातलं सोयाबीन उपटा आणि त्या काळ्या रानात ज्वारी, तूर, पऱ्हाटी पुन्हा उभी करा. जिल्ह्याच्या पाट्या उतरवा. तुम्ही जिथे निघालात त्या काळी हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका आहे आणि जुनी माणसं त्याला बाशीम म्हणतात. बालाजीचं देऊळ राहू द्या, पद्मतीर्थ राहू द्या, ती तुमच्या कितीतरी आधीची आहेत. मोबाइल घरीच ठेवा. घड्याळही ठेवा, सावली पाहून वेळ कळेल.

साल १९४० च्या आगेमागे कुठलंही धरा. महिना वैशाख. वार शनिवार, आणि दिवस कलायला लागलाय.

उतरा खाली. अकोल्याहून आलेल्या मोटारीने उडवलेला धुरळा अजून बसलेला नाही, आणि तुमच्या दातांखाली कचकचतेय ती बाशीमची माती. ऊन उतरलं तरी जमिनीचा ताव उतरलेला नाही. वहाणेच्या तळातून चटका पोटरीपर्यंत चढतो. टांगेवाला ओरडतोय, कैऱ्यांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई त्याहून मोठ्याने ओरडतेय, आणि कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास या सगळ्यावर पसरलाय. गुरं घरी निघाली आहेत. त्यांच्या मागे चाला. गाव संपतं तिथे एक लहानशी वस्ती आहे. तिच्यातल्या एका अंगणात तुम्हाला रात्र काढायची आहे.

"या बाप्पा, सलाम," घरधनी म्हणतो. "मोटारीनं आले काय? लय तापलं असन. पानी घ्या."

घोट घोट घ्या. ते पाणी लांबून आलेलं आहे; गावातल्या प्रत्येक विहिरीवर या घराची घागर लागत नाही.

घर ख्रिस्ती आहे. घरधनी एका देशमुखाकडे सालदार आहे, म्हणजे वर्षाच्या बोलीने बांधलेला गडी: ठरलेली ज्वारी, थोडी रोकड, आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बैलांच्या मागे. तुम्हाला वाटलं असेल, प्रवासातून आलोय, आता जरा पाठ टेकू. ते आज जमायचं नाही. उद्या विसाव्याचा दिवस, म्हणून आज साऱ्या घराची धावपळ आहे. रांजण उद्यापुरता भरायचाय. पऱ्हाट्यांची मोळी फोडून चुलीपाशी रचायचीय. घरची माय जात्यापाशी बसलीय. तिच्या समोर बसा आणि खुंट्याला हात लावा. पुरुष असाल तर ती हसेल, पण हात काढायला लावणार नाही, कारण पायलीभर ज्वारी अजून सुपात आहे. चार फेऱ्यांत खांदा भरून येतो. दगडाची घरघर छातीत उतरते, आणि कडेने सांडणाऱ्या पिठाचा कोमट वास नाकात भरतो. ही उद्याची भाकर आहे. उद्या या घरात जातं फिरणार नाही.

पलीकडे थोरली पोरगी तांब्यात निखारे घालून सदऱ्याच्या चुण्या मोडतेय. तांब्याच्या बुडाखाली ओलसर कापड चुरचुरतं, खारीच्या पाण्याचा वास येतो. आज्जी नातवंडांना रांगेने बसवून एकेकाच्या डोक्यावर तेल थापतेय. धाकटा कुरकुरतो: तेल डोळ्यांत जातंय. ती त्याच्या डोक्यावर आणखी एक हात फिरवते आणि म्हणते, "उद्या देवाच्या घरी जायाचं हाय."

त्या तेलाचा वास नाकात धरून ठेवा. त्याच्याच मागोमाग थोडं लांब जाऊन येऊ, भाकरी होईपर्यंत परतू.

वऱ्हाड मागे टाका, घाट उतरा. आता तुम्ही अलिबागच्या बाजूला आहात, आणखी दोनशे वर्षं मागे. अंगाला चिकटणारी खारी हवा, नारळीच्या सावल्या, आणि एका गोठ्याएवढ्या खोपटात करकरणारा तेलाचा घाणा. शुक्रवार मावळतोय. तेल्याने बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढली, मानेवरून जू उतरवलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. आता उद्या सूर्य बुडेपर्यंत हा घाणा फिरायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात येऊन कितीही बोंबलो. शेजारपाजारचे या लोकांना शनवार तेली म्हणतात. हे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली उभं राहिलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापाशी ना प्रार्थनास्थळ होतं, ना धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या. होती ती तोंडपाठ राहिलेली एक प्रार्थना, काही खाण्यापिण्याचे नियम, आणि हा थांबलेला घाणा. घरदार, भाषा, लिपी सगळं गेलं तरी एक वार त्यांनी हातातून सुटू दिला नाही. मराठी मुलखातला शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा हा विसाव्याचा दिवस, पाहायचा तर तो आधी इथे, या तेलकट जमिनीवर पाहावा, असं मला वाटतं. बैलाच्या मोकळ्या झालेल्या मानेवर घामाची जी ओली पट्टी आहे, तिच्यावरून हात फिरवा आणि चला.

भाकरी झाल्यात. तुरीचं वरण, ठेचा, कैरीची फोड. जेवताना घरधनी बोलू लागतो. रविवारची सुट्टी त्याने भांडून मिळवलीय, आणि तीही अर्धीच. मालक म्हणाला होता, रविवार तुझा असंल, बैल माझे हायेत. शेवटी बोली अशी ठरली की रविवारी त्याने पहाटे उठून बैलांचं वैरणपाणी करावं, मग दिवसभर मोकळं, आणि सांजेला पुन्हा गोठ्यावर हजर व्हावं. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांनी १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती वऱ्हाडातल्या सालदारापर्यंत कुठून पोचणार?

"आमच्या धा आज्ञांत बैलाचं नाव हाय," तो सांगतो आणि तुमच्याकडे पाहतो, पटतंय का ते बघायला. "पोरगा, पोरगी, गडी, बाई, बैल, गाढव, वेशीतला परका, साऱ्यायले सुट्टी. देवानं एकेकाचं नाव घेतलं."

ही यादी त्याला पाठ आहे, आणि का आहे ते त्याच्या तळहातांकडे पाहिल्यावर कळतं. चौथी आज्ञा आपण सहसा आपल्याला उद्देशून वाचतो: मी काम थांबवावं, मी उपासनेला जावं. सालदार ती दुसऱ्या टोकाने वाचतो. ज्याच्या दावणीला बैल आहेत आणि हाताखाली गडी आहे, त्याला ती सांगते की तुझा थांबण्याचा दिवस तो त्यांचाही थांबण्याचा दिवस. आणि बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात कारणही दिलंय: तू स्वतः मिसरात गुलाम होतास, ते विसरू नकोस. बैलाला वर्षातून एक पोळा मिळतो. त्याची खांदेमळणी होते, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू येत नाही, त्याला पुरणपोळी मिळते. घरधनी पोळा मनापासून करतो. त्याचं एवढंच म्हणणं आहे की त्याचा देव दर सात दिवसांनी पोळा सांगतो, आणि त्यात गड्यालाही धरतो.

बाज अंगणात टाकलीय. झोपा. डास आहेत, पण चांदणंही आहे.

पहाटे उठवलं तर चिडू नका. घरधन्याबरोबर गोठ्यावर जायचंय. अंधारात शेणाचा, कडब्याचा, गुरांच्या श्वासाचा ऊबदार वास. तो एकेक दावं सोडतो, बैल डोहणीवर तोंड लावतात आणि पाणी ओढल्याचा तो मोठा, समाधानी आवाज येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुपारच्या आत ती पुन्हा भेटणार आहे.

आता घंटा. मिशनच्या आवाराकडे माणसं चहूबाजूंनी येताहेत: चुण्या मोडलेले सदरे, डोक्यावर पदर, काखेत लेकरं, हातात वहाणा. दाराबाहेर वहाणांचा ढीग पाहून घ्या, आपली कुठे ठेवली ते नंतर सापडत नाही. आत सतरंज्या अंथरल्यात. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, पोरं जिथे जागा मिळेल तिथे. मांडीला मांडी लावून बसा. गावात ज्यांच्या सावल्याही वेगळ्या चालतात ती माणसं इथे एका सतरंजीवर घामेजून बसली आहेत. शिक्षक आहेत, दवाखान्यातल्या नर्सबाया आहेत, सालदार आहेत, मोळ्या विकणाऱ्या बाया आहेत. केसांतलं तेल, मोगरा, बाळांच्या अंगचा दुधाचा वास, कुणाच्या तरी खिशातली बडीशेप. ताडाच्या पंख्यांची फडफड सुरू होते आणि काही थांबत नाही.

मग पेटी सूर धरते, ढोलकीवर थाप पडते, टाळ वाजतात. वऱ्हाडातल्या माणसाला भजनात बसायचं कसं ते शिकवावं लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरला बसून ख्रिस्ती भक्तीला अभंगाची, ओवीची चाल दिली, ती गाणी तिथून मराठी मंडळ्यांमध्ये पसरली. तुम्हाला शब्द येत नसतील. हरकत नाही, दुसऱ्या ओळीला चाल कळते आणि तिसरीला तुमचा हात टाळीला उठतो. छप्पर तापलंय, पाठीवरून घाम ओघळतोय, शेजारचा म्हातारा डोळे मिटून अर्धा सूर वर गातोय. त्याला तसंच गाऊ द्या.

अर्पणाची थाळी फिरते. पैसे थोडे पडतात. एक बाई पदराची गाठ सोडून ज्वारी ओतते. आठवडाभर दर स्वयंपाकाला एक मूठ बाजूला काढून साठवलेली. दोन अंडी येतात, ती सांभाळून पुढे दिली जातात.

आणि पाळक लूककृत शुभवर्तमान उघडतात.

इथे सावरून बसा, कारण आपल्याला आणखी लांब जायचंय. पाळक बोलतात आणि सतरंजी पायाखालून सरकते. तुम्ही गालीलात आहात, एका शेताच्या बांधावर. कापणी जवळ आलीय. पिवळं व्हायला लागलेलं पीक कमरेला घासतंय, तुसं कापडात शिरताहेत. तुमच्यापुढे चाललेली दहा-बारा माणसं भुकेली आहेत. चालता चालता ओंब्या तोडतात, तळहातावर चोळतात, फुंकर मारून तूस उडवतात आणि दाणे तोंडात टाकतात. तुम्हीही चोळा. आपल्याकडे हुरडा चोळतात तसाच. दाणा कोवळा आहे, थोडा दुधाळ, आणि हाताला हिरवा वास राहतो. तेवढ्यात मागून आवाज येतो. परूशी आहेत, धर्माचे नियम काटेकोर पाळणारे. आज शब्बाथ आहे. तोडणं म्हणजे कापणी, चोळणं म्हणजे मळणी. त्यांना वाईट म्हणण्याची घाई करू नका. रोमी सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या या लोकांनी आपला दिवस नीट राखता यावा म्हणून त्याच्याभोवती कुंपण घातलंय. पुढे मिश्‍नात मनाई केलेल्या कामांचे ३९ प्रकार नोंदले गेले. पण नासरेथचा तो सुतार वळतो आणि, मार्काने नोंदवलंय तसं, सांगतो की दिवस माणसासाठी केलाय, माणूस दिवसासाठी नाही. आवाज चढवत नाही. हातात अजून ओंबी आहे.

चला पुढे. कफर्णहूमची घरं काळ्या दगडाची आहेत. भिंतीला हात लावा: बेसाल्ट. वाशीमच्या विहिरी ज्या जातीच्या दगडात खणल्यात, तोच. सरोवरावरून माशांचा वास येतोय. पण आपल्याला दुसऱ्या एका सभास्थानात शिरायचंय, दुसऱ्या एका शब्बाथी. गर्दी आहे, उकडतंय. मागच्या बाजूला एक बाई उभी आहे, म्हणजे उभी म्हणवत नाही. कमरेत दुमडलेली आहे. अठरा वर्षं तिने समोरच्याचं तोंड पाहिलेलं नाही, फक्त पाय पाहिलेत. येशू शिकवता शिकवता थांबतो, तिला पुढे बोलावतो आणि तिच्यावर हात ठेवतो. ती सरळ होते. सभास्थानाचा अधिकारी भडकतो, पण येशूला काही बोलत नाही, गर्दीला बोलतो: कामाचे सहा दिवस आहेत ना, त्या दिवसांत या आणि बरे व्हा. एक दिवस थांबायला काय हरकत होती, अठरा वर्षं थांबलीच की. आणि येशू विचारतो: तुमच्यापैकी कोण शब्बाथी आपल्या बैलाचं, गाढवाचं दावं सोडून त्याला पाण्यावर नेत नाही? मग या अब्राहामाच्या लेकीचं दावं आज सोडू नये काय?

बाशीमच्या सतरंजीवर घरधनी एकदम पुढे वाकतो. तो आत्ताच, पहाटे, दावं सोडून आलाय. त्याला अर्थ सांगावा लागत नाही.

आणि बायांच्या बाजूला पाहा. तिथे अशा दोघीतिघी आहेत. निंदणाने, मोळ्यांनी, उन्हाळाभर पऱ्हाट्या उपटून कमरेत गेलेल्या. त्या पाळकांकडे पाहत नाहीत, सतरंजीकडे पाहतात, पण ऐकताहेत.

पाळक आता जड विषयाकडे वळतात. ही नाझरीन मंडळी आहे. बाशीमचं मिशन आधी मेथडिस्टांचं होतं, १९३० नंतरच्या वर्षांत ते चर्च ऑफ द नाझरीनकडे आलं. नाझरीन मंडळीही जॉन वेस्लीच्याच परंपरेतली, आणि तिचा सारा भर पवित्रीकरणावर. माणसाला पापांची क्षमा मिळते तेवढ्यावर देवाचं काम संपत नाही. त्याच्या आतला स्वार्थ, कुढ, धाक धुऊन निघू शकतो, इथेच, या जन्मी, अशी तिची शिकवण. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय या लोकांचा लाडका. यहोशवाने इस्राएलाला कनान देशात नेलं खरं, पण विसावा अजून पुढेच राहिला, असं तिथे म्हटलंय. पवित्रतेचे उपदेशक त्या विसाव्याला मनातला कनान म्हणतात: जिथे माणूस देवाला काही सिद्ध करून दाखवायचं थांबवतो. तुम्हाला हे पुस्तकी वाटेल. शेजारच्या माणसाच्या अंगाने ऐका. त्याच्यावर सावकाराचं कर्ज आहे, मालकाचा धाक आहे, आणि जन्मापासून कुणी ना कुणी त्याला सांगत आलंय की तू अपवित्र आहेस. त्याला कुणी सांगितलं की तुझ्या आत पवित्र देव राहायला येऊ शकतो, आणि मग तुझ्या मनाला भिण्याचं काम उरणार नाही, तर तो ते चर्चेसाठी ऐकत नाही.

या मंडळीचे नियम कडक आहेत. दारू नाही, तंबाखू नाही, प्रभूच्या दिवसाचा भंग नाही. ज्या गावचा बाजारच रविवारी भरतो, तिथल्या ख्रिस्ती बाईने मिरच्या-मीठ कधी घ्यायचं, हा काही पोरखेळ नाही; रविवार पाळायचा तर तिला पुढच्या गावच्या बाजाराला पायपीट करावी लागते. नियमाचं जू होऊ शकतं, हे नुकतंच गालीलात पाहिलंत. पण गरिबाच्या हातात नियमाचा दुसराही उपयोग असतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. मालकाला "मी येत नाही" म्हणण्याची ज्याची ताकद नाही, तो "माझ्या देवाने मना केलंय" एवढं म्हणू शकतो. त्या वाक्याच्या आडोशाला त्याचा अर्धा रविवार उभा आहे.

प्रार्थना संपली. बाहेर या, वहाणा शोधा. ऊन आता पांढरं झालंय, डोळे उघडवत नाहीत. जवळच दवाखाना आहे: रेनॉल्ड्स मेमोरियल, नाझरीन पुढारी हायरम रेनॉल्ड्स यांच्या नावाचा. शाळेच्या जुन्या इमारतीत १९३८ साली तो सुरू झाला. चालवतात डॉ. ऑर्फा स्पायकर, अमेरिकेहून १९३६ मध्ये आलेल्या. आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्या इथेच काढणार आहेत, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

आवारात शिरताच वास बदलतो. फिनाइल, स्पिरिट, उकळत्या पाण्याची वाफ, आणि कुंपणाशी तीन दगडांवर भाकरी थापणाऱ्या नातेवाइकांच्या चुलींचा धूर. निंबाखाली खासरं आणि बैलगाड्या सुटल्यात. बाया, लेकरं, लेकरांची लेकरं. तापाने फणफणलेलं एक पोर आईच्या खांद्यावर तोंड टाकून पडलंय. आई पायी आलीय, आणि तिला आज कुठला वार आहे हे ठाऊक नाही. तिच्या तांड्यात, तिच्या वाडीत रविवार नावाच्या दिवसाला काही विशेष नाही. तिला कुणी उद्या ये म्हणत नाही. मघाशी टाळ वाजवणारी नर्सबाई आता ओल्या फडक्याने त्या पोराचं अंग पुसतेय.

वॉर्डात दारापाशी उभे राहा, आत गर्दी करू नका. खाटा ओळीने लावल्यात. गावात ज्या दोघी एका पाणवठ्यावर उभ्या राहणार नाहीत, त्या इथे शेजारशेजारच्या खाटांवर पडल्यात. एकीच्या तोंडात थर्मामीटर आहे, ते धुऊन मग दुसरीच्या तोंडात जाणार आहे. पहिल्या दिवशी रडारड झालेली असते. मग ताप उतरतो आणि दोघी लेकरांबद्दल बोलू लागतात. सोवळं म्हणजे स्पर्शाने बिघडणारी गोष्ट, असं आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा तो विटाळला नाही, कुष्ठरोगी शुद्ध झाला. शुभवर्तमानांतली पवित्रता अशी हातातून पुढे जाते, आणि बाशीममध्ये ती पाहायची असेल तर फिनाइलचा वास सहन करून इथे उभं राहावं लागतं.

पण नर्सबाईलाही पाठ आहे, तिचेही पाय दुखतात. आज तिची पाळी आहे, दुसरीची सुट्टी. पुढच्या रविवारी उलट. विसावा वाटून घ्यावा लागतो. जो एकटा घ्यायचा म्हणतो, त्याचा तो दुसऱ्या कुणाच्या तरी कंबरड्यावर उभा असतो.

दुपार. घरी परता. कालच्या पिठाची भाकर, थंड वरण. मग सगळ्यांनी पडायचं, तुम्हीसुद्धा. जमत नाहीये ना? हात खिशाकडे जातोय. पाय हलतोय. उठून काहीतरी उपयोगाचं करावं असं वाटतंय. इथे कुणाला तुमच्या उपयोगाशी काही घेणं नाही. आज्जी कधीच घोरायला लागलीय. दारावर ओलं पोतं टांगलंय, त्यातून येणारी झुळूक थोडी गार, थोडी तागाच्या वासाची. दूर कुठेतरी होला घुमतोय. बायबलमध्ये देवाने सर्वांत आधी ज्याला पवित्र म्हटलं तो डोंगर नाही, मंदिर नाही, माणूसही नाही. तो सातवा दिवस आहे. म्हणून ज्याच्यापाशी गुंठाभर जमीन नाही, ज्याला देवळाच्या पायरीवर मज्जाव आहे, त्याच्या अंगणातही ती पवित्र गोष्ट येऊन बसते. तिला जागा लागत नाही, आणि ती कुणाच्या नावावर चढवता येत नाही. दिवस वैऱ्यासारखा तापलेला असला तरी तो या घराचा आहे. धाकटा तुमच्या दंडावर डोकं ठेवून झोपलाय. त्याच्या केसांतलं तेल तुमच्या बाहीला लागतंय, लागू द्या.

सांजेला घरधनी उठतो, डोक्याला फडकं गुंडाळतो आणि गोठ्याकडे जातो. अर्धा रविवार संपला. घरातली बाकीची माणसं संध्याकाळच्या प्रार्थनेला निघतात, दवाखान्याच्या आवारातच, निंबाखाली. गॅसबत्ती सूं सूं करतेय, तिच्याभोवती किडे. गाणारे कमी आहेत, पण वॉर्डाच्या खिडक्यांतून आजारी बाया ऐकताहेत, म्हणून ढोलकीवाला जरा जास्तच जोरात वाजवतोय.

दुसरं कडवं चालू असताना फाटकापाशी आरडाओरड होते. आडरानातून माणसं आलीत. वाटेत गाडीचा आस मोडला, म्हणून दिवस भरलेली बाई बाजेवर घालून खांद्यावर आणलीय. काल रात्रीपासून अडलीय. बाज चौघांनी उचलली होती, त्यातला एक फाटकाशी येऊन खाली बसला तो उठेना, त्याचा खांदा सोललाय. कंदील धावतात, नर्सबाई गाणं तोंडातच ठेवून पळते, कुणीतरी डॉक्टरीणबाईंना हाक मारतं.

"ओ पाव्हणे!" पाळक तुमच्याकडे वळून ओरडतात. "हात लावा!"

उठा. चौथ्या खुराशी जा. तो उजव्या खांद्यावर घ्या, वाकून, एका दमात, आणि पाऊल तिघांच्या पावलाबरोबर टाका, म्हणजे तिला हिसका बसणार नाही.